एरिक्सनच्या आठ अवस्था लावून जीवनवृत्त मुलाखत: माणसं चौकटीत बसत नाहीत, अहवाल कसा लिहावा?

रानजाई

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या सत्राचा प्रकल्प आहे. वेगवेगळ्या वयाच्या तिघांच्या मुलाखती घ्यायच्या, एरिक एरिक्सन यांच्या मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था (क्रमाने विश्वास, स्वायत्तता, पुढाकार, उद्यमशीलता, ओळख, जवळीक, जोपासना म्हणजे पुढच्या पिढीची काळजी, आणि एकात्मता म्हणजे जगलेलं आयुष्य आपलं म्हणून स्वीकारणं) त्यांना लावून पाहायच्या आणि चाळीसेक पानांचा अहवाल द्यायचा. सिद्धान्त पाठ आहे, अडतं ते लावताना. मुलाखतींची पहिली फेरी झाली, दुसरी बाकी आहे. कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते.

पहिला, १६ वर्षांचा मुलगा. अकरावी विज्ञान, नीटचा क्लास, आईवडील दोघेही डॉक्टर. "मला डॉक्टरच व्हायचंय, पाचवीपासून ठरलंय." म्हणजे याची ओळख घडली असं धरायचं का?

दुसरी, ४२ वर्षांची स्त्री. एकोणिसाव्या वर्षी लग्न, दोन मुलं. चाळिशीच्या तोंडावर मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली. आता म्हणते, "सून झाले, आई झाले, सगळं निभावलं. पण मी स्वतः कोण?" वय सातव्या अवस्थेचं आणि प्रश्न पाचवीतला.

तिसरे, ७१ वर्षांचे निवृत्त एस.टी. वाहक. काहीही विचारा, उत्तर एकच: "काही तक्रार नाही, सगळं चांगलं झालं." ही एकात्मता मानायची का?

शिवाय पुस्तकागणिक वयोगट वेगळे आहेत. एका ठिकाणी तारुण्य १८ ते ४०, दुसरीकडे २० ते ३५. आणि माझी प्रश्नावली फसली आहे हे कळतंय. "लहानपणी तुम्हाला लोकांवर विश्वास वाटायचा का?" असं विचारलं की "हो, वाटायचा" एवढ्यावर गाडी थांबते. दुसऱ्या फेरीत काय बदलू?

वडाचा पार

वयोगटाचा गुंता आधी सोडवू, कारण निम्म्या अडचणी तिथूनच निघाल्यात. एरिक्सन यांनी १९५० साली हा आराखडा पुस्तकरूपाने मांडला तेव्हा तक्त्यात अवस्थांची नावं होती, वर्षं नव्हती. पौगंड, तरुण वय, प्रौढ वय, परिपक्वता, असं. वर्षांचे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांनी शिकवण्याच्या सोयीसाठी घातले, म्हणून ते एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्या विद्यापीठाने नेमलेल्या पुस्तकातले आकडे तळटीप म्हणून एकदा द्या आणि विश्लेषणात त्यांच्यावर विसंबू नका.

त्या तक्त्याचं मूळ रूप आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ घरांचं आहे. आपल्याकडच्या गाईडमध्ये फक्त कर्णावरची आठ घरं येतात आणि विद्यार्थ्याला वाटतं की जिना चढत जायचा, मागची पायरी संपली. रिकाम्या घरांचा अर्थ असा की प्रत्येक प्रश्न प्रत्येक वयात हजर असतो. एका विशिष्ट काळात तो ऐरणीवर येतो, एवढंच. १९६८ च्या पुस्तकात एरिक्सन यांनी पौगंडाची आख्खी ओळ भरून दाखवली. तुमच्या १६ वर्षांच्या मुलासाठी ती थेट वापरता येईल:

विश्वासाचा प्रश्न या वयात काळाच्या भानाचा होतो. पुढचा काळ आपल्यासाठी काही घेऊन येईल असं वाटतं, की सगळं आत्ताच्या आत्ता व्हायला हवं? स्वायत्ततेचा प्रश्न स्वतःबद्दलच्या खात्रीचा होतो, आणि उलट बाजूला चारचौघांत सतत अवघडल्यासारखं वाटतं. पुढाकाराचं रूप म्हणजे निरनिराळ्या भूमिका करून बघणं. त्याची उलट बाजू एकाच भूमिकेत गोठून जाणं. उद्यमशीलतेचं रूप उमेदवारी, कुणाच्या तरी हाताखाली काम शिकणं. आणि उलट बाजू कामच ठप्प होणं. अभ्यासाला तास न् तास बसतो पण पान उलटत नाही, ते हेच. त्याच ओळीत पुढच्या अवस्थांची चाहूलही आहे: स्त्री-पुरुषपणाची जाणीव, नेतृत्व करणं आणि नेतृत्व मानणं, एखाद्या विचाराला बांधून घेणं.

तेव्हा "हा पाचव्या अवस्थेत आहे" हे एक वाक्य लिहून थांबू नका. या ओळीतलं प्रत्येक घर घ्या आणि मुलाखतीत त्याबद्दल काय सापडलं ते लिहा. जिथे काहीच सापडलं नाही तिथे "पुरावा नाही" असं लिहा. चांगला परीक्षक ही नोंद आधी शोधतो.

दुसरी चूक दोन टोकांची. "विरुद्ध" असं छापलेलं असतं म्हणून एक टोक चांगलं आणि दुसरं टाळायचं, अशी समजूत होते. एरिक्सन यांना दोन्हींचं प्रमाण अभिप्रेत आहे. समोर येईल त्याच्या कडेवर जाणारं मूल निरोगी आहे असं ते म्हणत नाहीत. कुणापासून सावध राहायचं हेही बाळाने शिकायचं असतं. प्रमाण अनुकूल राहिलं तर त्यातून बळ उभं राहतं. क्रमाने: आशा, इच्छाशक्ती, हेतू, सक्षमता, निष्ठा, प्रेम, काळजी, शहाणपण. तुमच्या अहवालात "अविश्वास आढळला, म्हणून अवस्था अयशस्वी" अशा धर्तीचं वाक्य आलं असेल तर ते काढा.

सुईदोरा

प्रश्नावलीबद्दल. अवस्थेचं नाव प्रश्नात आलं की उत्तर मेलंच. लोक मनातल्या शब्दांपेक्षा घडलेल्या गोष्टी नीट सांगतात, म्हणून प्रश्न कृतीचा, माणसांचा आणि शक्य तर रुपयांचा हवा. दुसऱ्या फेरीसाठी हे घ्या:

विश्वास: "रात्री अचानक पैसे लागले तर पहिला फोन कुणाला? असा फोन शेवटचा कधी केला होता?"

स्वायत्तता: "घरात कुणाला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करता?" मुलाला विचारताना: "क्लासला दांडी मारायची ठरवली तर आधी कुणाला सांगावं लागतं?"

पुढाकार: "तुमच्या डोक्यातून निघालेलं आणि घरात किंवा गल्लीत प्रत्यक्षात आलेलं एखादं काम सांगा. फसलं असेल तर कोण काय म्हणालं?"

उद्यमशीलता: "चौथी-पाचवीत तुम्हाला काय छान यायचं? ते कुणाच्या लक्षात आलं होतं?" दुसरा भाग सोडू नका. कौशल्य असूनही कुणी पाहिलंच नसेल तर न्यूनगंड तिथे मूळ धरतो.

जवळीक: "भांडण झालं की आधी कोण बोलतं? शेवटचं मोठं भांडण कसं मिटलं?"

पहिल्या अवस्थेबद्दल आठवणीवर विसंबू नका. बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. पहिल्या दीड वर्षाबद्दल कुणी सांगत असेल तर ते घरात ऐकलेलं असतं. ते जरूर नोंदवा, पण "ऐकीव" असा शेरा मारून. पहिल्या दोन अवस्थांसाठी खरा पुरावा आजच्या वागण्यात शोधायचा: मदत मागता येते का, नाही म्हणता येतं का, चूक झाली की ती दुरुस्त करतो की लपवतो.

बैठकीची पद्धत. सुरुवात जीवनरेषेने करा. ए-थ्री कागद आडवा, मधोमध रेघ, डावीकडे जन्म, उजवीकडे आज. त्यावर त्यांनी स्वतः खुणा करायच्या: घर बदललं, शाळा बदलली, नोकरी, लग्न, बाळंतपण, आजारपण, मृत्यू, कर्ज. वीस-पंचवीस मिनिटं द्या, मध्ये बोलू नका. मग कुठल्या खुणा दाटीने आल्या आणि कुठली दहा वर्षं कोरी राहिली ते पाहा आणि कोऱ्या जागेबद्दल विचारा. एक बैठक तास-सव्वा तासापेक्षा लांबवू नका. एकाच माणसाच्या दोन बैठकींत आठवडाभर अंतर ठेवा. मधल्या दिवसांत आठवणी वर येतात, आणि दुसऱ्या वेळी "त्या दिवशी सांगायचं राहिलं" म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेकदा सर्वांत मोलाचं असतं.

घरची माणसं खोलीत नकोत. सुनेसमोर सासरे आणि आईसमोर मुलगा वेगळंच बोलतो. तुमच्या वाहककाकांच्या "काही तक्रार नाही"मागे दाराशी उभं असलेलं कुणी होतं का, हे आधी आठवून पाहा.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. आठ-दहा सेकंद थांबा. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या आणि शब्दशः उतरवा. तासाभराच्या ध्वनिफितीला चार ते सहा तास लागतात, त्या हिशेबाने वेळापत्रक आखा. मुलगा अठराच्या आतला आहे, त्यामुळे पालकांची लेखी संमती लागेल आणि त्याची स्वतःची वेगळी. त्याला स्पष्ट सांगा की आईबाबांना उतारा दाखवला जाणार नाही. पण जिवाला धोका आहे असं काही निघालं तर मोठ्यांना सांगावं लागेल. तसं काही निघालंच तर मुलाखत तिथेच थांबवा, मार्गदर्शक प्राध्यापकांना त्याच दिवशी कळवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हातात द्या.

टिपकागद

मुलासाठी जेम्स मार्सिया यांची ओळखीच्या स्थितींची मांडणी वापरा. १९६६ च्या त्यांच्या संशोधनात महाविद्यालयातले ८६ तरुण होते, सगळे पुरुष. दोन गोष्टी तपासायच्या: पर्याय धुंडाळले का, आणि कशाला तरी बांधून घेतलं का. त्यातून चार स्थिती निघतात. धुंडाळून बांधून घेतलं तर संपादित ओळख. धुंडाळणं चालू आहे, निर्णय व्हायचाय, तर विलंबन. दोन्ही नाही तर विखुरलेली ओळख. आणि न धुंडाळताच बांधून घेतलं तर आधीच मिटलेली ओळख.

"पाचवीपासून ठरलंय" हे चौथ्या स्थितीकडे बोट दाखवतं, सिद्ध मात्र करत नाही. हे विचारा: "डॉक्टर सोडून दुसरं काही व्हावंसं कधी वाटलं? कधी, आणि मग काय झालं?" "आईबाबांच्या कामातलं तुला न आवडणारं काय?" "याहून चांगलं काही समोर आलं तर हे सोडायला किती तयार आहेस?" शेवटचा प्रश्न मार्सियांच्या मूळ मुलाखतीतही आहे आणि फार कामाचा आहे. धुंडाळून आलेला मुलगा विचार करतो, अटी घालतो, "ते काय आहे त्यावर अवलंबून" म्हणतो. मिटलेल्या ओळखीचा मुलगा प्रश्नच उडवून लावतो किंवा बिचकतो.

तीन गोष्टी सांभाळा. एक, सोळाव्या वर्षी बहुतेक मुलं मिटलेल्या किंवा विखुरलेल्या स्थितीतच असतात, त्यात बिघाड काही नाही. दोन, स्थिती माणसाची नसते, क्षेत्राची असते. मार्सियांनी व्यवसाय, धर्म आणि राजकारण अशी क्षेत्रं घेतली होती. हाच मुलगा करिअरबाबत मिटलेला आणि देवाधर्माबाबत जोरात धुंडाळणारा निघू शकतो. देवळात जाणं कधी थांबवलं, जातीबाहेरच्या मैत्रीवरून घरात काय झालं, हेही विचारा. तीन, आपल्याकडे करिअरचा निर्णय घरात बसून होतो म्हणून तो आपोआप मिटलेला ठरत नाही. घरच्यांनी सुचवलेलं त्याने स्वतः तपासून पाहिलं का, एवढंच बघायचं. रुग्णालयात जाऊन कुणाचं काम पाहिलं? शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलला? हे केलं असेल तर निर्णय आईवडिलांसारखा असूनही संपादित असू शकतो.

कृष्णाकाठ

४२ वर्षांच्या ताईंना दोनपैकी एका अवस्थेत कोंबू नका. वडाचा पार यांनी सांगितलेल्या ६४ घरांत त्यांना दोन घरं मिळतात: ओळखीचा प्रश्न ऐरणीवर आणि जोपासना हे चालू काम. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली एरिक्सनच्या क्रमावर हाच आक्षेप घेतला की आधी ओळख आणि मग जवळीक, ही वाट पुरुषांच्या आयुष्यावर बेतलेली आहे. बायकांच्या बाबतीत दोन्ही एकत्र विणलेल्या असतात. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला भूमिका आधी मिळते आणि ती करून बघण्याची उसंत पुढे, मिळालीच तर. त्यामुळे "ओळख उशिरा आली" असं न लिहिता "समाजाच्या घड्याळाने ओळखीचा काळ पुढे ढकलला" असं लिहा. बर्निस न्यूगार्टन यांची सामाजिक घड्याळाची कल्पना इथे नेमकी लागू पडते: लग्न, मूल, नोकरी केव्हा व्हावी याची प्रत्येक समाजाची वेळ ठरलेली असते, आणि त्या वेळेच्या पुढेमागे झालेली गोष्ट माणसाला जास्त जड जाते.

जोपासना मोजताना सर्वांत मोठी गफलत अशी होते की मुलं आहेत म्हणजे जोपासना आहे असं धरलं जातं. मूल होणं पुरेसं नाही, हे एरिक्सन यांनीच लिहून ठेवलंय. जोपासनेच्या उलट टोकाचं, साचलेपणाचं, त्यांचं वर्णनही लक्षात ठेवा: माणूस स्वतःलाच आपलं एकुलतं एक मूल असल्यासारखं लाडावू लागतो. डॅन मॅकअ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी २० विधानांची लोयोला श्रेणी तयार केली, आणि वागणुकीची एक वेगळी यादीही, जिच्यात गेल्या दोन महिन्यांत काय काय केलंत असं विचारतात. ही दोन महिन्यांची मुदत तुमच्या मुलाखतीत घ्या. "गेल्या दोन महिन्यांत घराबाहेरच्या कुणाला काही शिकवलंत? बचतगटात, सोसायटीत, शाळेत काही उभं केलंत? तुमच्या हातचं काय मुलीने पुढे चालवावं असं वाटतं, आणि काय तिने अजिबात घेऊ नये?" शेवटच्या भागावर ताई बराच वेळ बोलतील असा माझा अंदाज आहे. पुढच्या पिढीला काय द्यायचं नाही हे ठरवणं हीही जोपासनाच.

एक उदाहरण, जे आपल्या अहवालांत फारसं येत नाही आणि यायला हवं. एरिक्सन १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या परिसंवादासाठी अहमदाबादला आले होते. तिथे १९१८ च्या गिरणी संपाचा विषय त्यांच्या मनात बसला आणि १९६९ साली गांधीजींवरचं पुस्तक आलं. संपात मजुरांच्या बाजूने अनसूया साराभाई, मालकांच्या बाजूने त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल, मागणी ३५ टक्के वाढीची, आणि गांधीजींचं उपोषण. गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे, म्हणजे ऐन सातव्या अवस्थेत. हजारो अनोळखी मजुरांची काळजी वाहणाऱ्या या माणसाला एरिक्सन त्याच पुस्तकात थेट उद्देशून लिहितात आणि घरच्या व आश्रमातल्या माणसांशी असलेल्या त्यांच्या कठोरपणाचा जाब विचारतात. एकाच आयुष्यात, एकाच वयात, जोपासना एका वर्तुळात भरभरून आणि दुसऱ्यात तोकडी असू शकते. तुमच्या तिन्ही प्रकरणांत घर, काम आणि गाव ही वर्तुळं वेगवेगळी तपासा.

आणि एक विनंती. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास शेजारी ठेवून समान-समान असा तक्ता करू नका. दरवर्षी कुणीतरी करतंच. आश्रमव्यवस्था कसं जगावं याचा नियम सांगते, तोही द्विज पुरुषाला. एरिक्सन काय घडतं त्याचं वर्णन करू पाहतात. आश्रमव्यवस्थेत बाळपणाच्या तीन अवस्थांना जागा नाही आणि तुमच्या ४२ वर्षांच्या ताईंना तर नाहीच. तुलना करायचीच तर फरकांवर लिहा.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार, बरंच सुटलं. सुईदोरा, तुमचा अंदाज बरोबर होता. काकांची मुलाखत पुढच्या खोलीत झाली आणि मुलगा-सून येऊन-जाऊन होते. दुसरी बैठक विरंगुळा केंद्रात घेता येईल. पण वेगळं बसूनही ते "सगळं चांगलं" म्हणत राहिले तर? आणि मी उकरत बसले तर त्यांना त्रास होईल का?

उंबरठा

विरंगुळा केंद्र चालेल, पण सकाळी दहाच्या आत आणि कॅरमच्या टेबलापासून लांब. सत्तरीपुढे ऐकू कमी येणं सर्रास असतं, आणि नीट ऐकू न आलेल्या प्रश्नाला "सगळं चांगलं" हे सोयीचं उत्तर आहे. समोर बसा, तोंड उजेडाकडे ठेवा, सावकाश बोला.

नैराश्य आधी बाजूला काढा. वृद्धांसाठीची १५ प्रश्नांची नैराश्य श्रेणी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली भरून घ्या. पाचाच्या वर गुण आले तर विश्लेषण थांबवून तपासणीसाठी पाठवणं आधी. आठव्या अवस्थेतली विफलता (एकात्मतेचं उलट टोक) आणि नैराश्याचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यावर उपचार आहेत, आणि त्याला "वयाची अवस्था" म्हणून सोडून देणं हा अन्याय होईल.

आता "काही तक्रार नाही"बद्दल. हे वाक्य एकात्मतेचा पुरावा नाही, तिच्या अभावाचाही नाही. एकात्मतेत खंत असते. जे झालं ते आपलं होतं, त्याला पर्याय नव्हता किंवा होता आणि आपण घेतला नाही, असं माणूस नावानिशी सांगू शकतो. विफलता पुष्कळदा तुच्छतेच्या आड लपते, हे एरिक्सन यांनी नेमकं हेरलं होतं: आजकालची पोरं, आजकालचं खातं, आजकालचे पुढारी, सगळ्यांवर कायमची नाराजी, आणि स्वतःबद्दल मात्र एक अक्षर नाही. तेव्हा काका इतरांबद्दल कसे बोलतात ते ऐका.

भावना विचारू नका, काम विचारा. वाहकाकडे तपशिलांचा खजिना असतो. "कुठल्या मार्गावर जास्त वर्षं होतात? मुक्काम कुठे पडायचा, जेवण काय? हिशेबात पैसे कमी भरले तर काय करायचात? मुलांच्या आजारपणात ड्यूटीवर होतात असं कधी झालं?" यांपैकी एखाद्या प्रश्नावर आवाज बदलेल. तिथे थांबा. मग विचारा: "तेव्हा दुसरं काही करता आलं असतं का?" आणि "आज त्याकडे कसं बघता?" या दोन उत्तरांमधल्या अंतरात तुमची आठवी अवस्था आहे.

दुसरा पुरावा वाटणीचा. सातबाऱ्यावर, घरावर कुणाचं नाव लावलं, मृत्युपत्र केलं का, ते घरात बोलून केलं की गुपचूप. स्वतःच्या मरणाबद्दल सरळ बोलणारा माणूस एकात्मतेच्या जवळ असतो.

उकरण्याच्या भीतीबद्दल. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये जीवन-समालोचनाची, म्हणजे आयुष्याकडे मागे वळून पाहण्याची, कल्पना मांडली ती याच मुद्द्यावर की म्हातारपणी आठवणीत रमणं हे मन थकल्याचं लक्षण नाही, ते करायचं काम आहे. पण रचनाबद्ध समालोचनाला तासाभराच्या सहा ते आठ बैठका लागतात. तुमच्याकडे दोन आहेत, त्यामुळे जखम उघडी टाकून उठू नका. शेवटची पंधरा मिनिटं वर्तमानावर आणा: आज दुपारी काय, उद्या कोण येणार आहे, नातवंडाची शाळा. उठण्यापूर्वी "आज बोलून कसं वाटलं?" विचारा आणि दोन दिवसांनी फोन करा. त्यांनी दार बंदच ठेवलं तर ते बंद राहू द्या आणि "पुरेसा पुरावा नाही" असं लिहा. काकांची मनःशांती तुमच्या प्रकल्पाहून मोठी आहे.

नवव्या अवस्थेबद्दल कुणी विचारलं तर: ती एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनी १९९७ च्या वाढीव आवृत्तीत जोडली, ऐंशी-नव्वदीसाठी. तिथे आठही जोड्यांत उलटं टोक आधी लिहिलंय, अविश्वास आधी आणि विश्वास नंतर. कारण शरीर साथ सोडू लागलं की जुने प्रश्न पुन्हा दारात येतात. निऱ्या स्वतःच्या हाताने खोचता येईनात, परकराची नाडी सुनेने बांधायची, आणि बांधताना ती घाईत असेल तर आजी मान फिरवतात. ही दुसऱ्या अवस्थेतली लाज आणि शंका आहे, पंच्याऐंशीव्या वर्षी. ७१ च्या काकांना नववी अवस्था लावू नका, पण दुखणं-खुपणं आलं तेव्हा कुणी किती मदत केली आणि ती कशी घेतली, हे विचारून ठेवा.

पाणंद

वरचं सगळं पटतं. भर एका गोष्टीची, कारण या धाग्यात वयावर बोलणं झालं, सालावर नाही.

तुमचे तिघे तीन वेगळ्या वयांचे आहेत तसेच तीन वेगळ्या काळांतले आहेत. काका १९७२ च्या दुष्काळात अठरा-एकोणिसाचे होते. मुलगा २०२० मध्ये दहा-अकरा वर्षांचा, म्हणजे चौथ्या अवस्थेत, जेव्हा शाळाच बंद होत्या आणि आपल्याला काय येतं हे सोबत्यांबरोबर ताडून बघायची जागाच नव्हती. त्यांच्यात दिसणारा फरक अवस्थेचा की पिढीचा, हे तीन मुलाखतींतून वेगळं काढता येत नाही. मर्यादांच्या परिच्छेदात हे स्पष्ट लिहा.

हे किती महत्त्वाचं आहे ते ग्लेन एल्डर यांच्या १९७४ च्या आणि त्यानंतरच्या कामात दिसतं. अमेरिकेतल्या महामंदीत ओकलंडची १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुलं पौगंडात होती. घरच्या हलाखीत त्यांनी कामं केली, जबाबदारी उचलली आणि पुढे बरीचशी सावरली. बर्कलीतली १९२८-२९ ची मुलं तेव्हा अगदी लहान होती. त्यांच्यावर, विशेषतः मुलग्यांवर, परिणाम जास्त वाईट झाला. संकट तेच, पण कुठल्या अवस्थेत गाठलं यावर निकाल बदलला.

आणि उंबरठा यांच्याशी एका जागी मतभेद. मृत्युपत्र आणि वाटणी यांना एकात्मतेचा पुरावा मानताना जपून. ज्याच्या नावावर काही नाही त्याने वाटायचं काय? भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला तो प्रश्न लाजवेल. त्याऐवजी "तुमच्या माघारी तुमचं काय राहावं?" असं विचारा. उत्तर तिकीट काढण्याचा जुना पंच असं आलं तरी तो तितकाच पक्का पुरावा आहे.

अहवालासाठी पाच रकाने पुरतील: व्यक्तीचं शब्दशः वाक्य, त्या प्रसंगी तिचं वय आणि साल, सोबत कोण होतं, कुठला प्रश्न ऐरणीवर दिसतो, उलट अर्थ काय निघू शकतो. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य वर्गमैत्रिणीला द्या, तुमचं लेबल झाकून, आणि तिला स्वतंत्रपणे लावू द्या. दोघींचं जिथे जुळत नाही ती वाक्यं परिशिष्टात टाकू नका, चर्चेच्या प्रकरणात घ्या. प्रत्येकाची बारा-पंधरा वाक्यं नीट तपासलीत तर चाळीस पानं भरतील. त्याहून जास्त घेतलीत तर शेवटची वाक्यं घाईत लागतील आणि बहुतेक काकांचीच असतील, कारण त्यांचं लिखाण शेवटी येतं. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करा.